उशाखालचा हिरा

"दिव्याखाली बघू नका," पोतदारकाका म्हणाले. "दिव्याखाली बांगडीची काचसुद्धा नाचते. इकडं दाराशी या."

आणि गादीवरून उठून ते स्वतःच दुकानाच्या दाराशी गेले. हातात निळ्या कागदाच्या दोन पुड्या. त्यांच्या मागं आम्ही तिघं: मी, माझा धाकटा भाऊ उदय, आणि मृणाल, जिच्याशी उदयचं लग्न ठरलं होतं. ती बार्शीची. साखरपुड्याच्या अंगठीसाठी बोटाचं माप द्यायला आणि खडा पसंत करायला मामांबरोबर दिवसभरासाठी सांगलीला आली होती. मामा घरी आमच्या वडलांशी, आण्णांशी, गप्पा मारत बसले होते. आई मुद्दामच आली नव्हती. "मला हिऱ्यातलं काय कळतंय? तू जा, शैला. तुझी नजर चौकस आहे," असं म्हणून तिनं मला पुढं केलं होतं. मी तेव्हा इचलकरंजीला सासरी होते. साखरपुड्याच्या तयारीसाठी म्हणून माहेरी येऊन राहिले होते. तयारी कमी, मुकादमकी जास्त.

काकांनी पुड्या उलगडल्या. प्रत्येकीत एक खडा.

"दोन्हींचं वजन सारखं आहे," ते म्हणाले. "फरक आहे तो कापाचा."

मला काही ते पटेना. एक खडा चांगला ऐसपैस बसलेला, दुसरा अंग चोरून.

"सारखं कसं, काका? हा तर उघड उघड मोठा आहे."

"मोठा नाही, पसरट आहे. तेवढ्याच पिठाची पातळ भाकरी थापली की ताट भरल्यासारखं दिसतं ना, तसं. आणि हा दुसरा नीट खोली राखून कापलाय. त्यात माल जास्त वाया जातो. म्हणून हा जरा महागही आहे."

"अगंबाई! लहान आणि वर महाग?"

"ताई, लहान कुठाय?" मृणाल म्हणाली. "बघा तरी."

तिनं दोन्ही खडे चिमट्यानं उचलून आपल्या डाव्या हाताच्या बोटांच्या दोन बेचक्यांत ठेवले. उन्हात धरले. दोन्ही चमकले. मग तिनं उजव्या हाताचा आडोसा केला आणि सावली पाडली. पसरट खडा सावलीत गेल्याबरोबर मधोमध विझला, नुसती स्वच्छ काच उरली. लहान मात्र सावलीतही मिचमिच करत राहिला. जरा बोट हललं की आतून उजेडाची ठिणगी इकडून तिकडं पळायची.

"हे असं का होतं, काका?" तिनं विचारलं.

"उजेड वरून आत शिरतो. काप नीट असला तर तो आतल्या आत फिरून परत वरच येतो, आपल्या डोळ्यांत. पसरट कापाचा उजेड खालून गळून जातो. फुटक्या घागरीत पाणी ओतल्यासारखं."

"आणि फार खोल कापला तर?"

"तर मधे काळोख. विहिरीत वाकून बघावं तसं."

मृणालनं पसरट खडा तिरका केला आणि एकदम म्हणाली, "यात कडेनं गोल पांढरी रेघ दिसतेय. माशाच्या डोळ्यासारखी."

काका खूश झाले. "पोरीला डोळा आहे हो, उदयराव!"

उदयराव काय, "दोन्ही छान आहेत," म्हणाले. त्याचं लहानपणापासून हेच. श्रीखंड हवं की बासुंदी, तर दोन्ही छान आहेत.

मृणालनं लहान खडा पुढं केला. "मला हा आवडला."

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. अंगठी तिची, बोट तिचं. पण माझ्या डोक्यात माझी जाऊबाई बसली होती. माझ्या साखरपुड्यात सासरच्यांनी मला घातलेल्या अंगठीत एक कणभर खडा होता, आणि पुढं लग्न झाल्यावर पहिल्याच सणाला याच जाऊबाईंनी माझा हात हातात घेऊन सगळ्या बायकांसमोर विचारलं होतं, "भिंग आणू का गं, शैला?" सगळ्या हसल्या होत्या. ते हसू माझ्या कानांतून गेलं नव्हतं. उदयच्या साखरपुड्याला माझं सगळं सासर येणार होतं, आणि माझ्या माहेरची अंगठी बघून कुणी भिंग मागितलेलं मला चालणार नव्हतं.

"अगं, साखरपुड्याला माणसं काय अंगठी सावलीत धरून बघणार आहेत?" मी म्हणाले. "लांबून बघणार. पंगतीत बसल्या बसल्या बघणार. लांबून हा मोठाच दिसतो. दिसतं तेच असतं बाई."

"पण ताई, अंगठी मला घालायची आहे की तुमच्या पाहुण्यांना?"

हसत हसतच बोलली ती. डोळे मोठे करून, मान तिरकी करून. मलाही हसू आलं. पोरगी गोड होती, बार्शीच्या शाळेत शिकवायची, वर्गातल्या पोरांशी बोलावं तसं सगळ्यांशी मोकळं बोलायची. पण लागलं मला ते. सासरी कुणाला उत्तर द्यायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि ही अजून घरात यायच्या आधीच मला उत्तरं देत होती.

"बरं, आईला दाखवू दोन्ही," मी म्हणाले. "तसंही हिरा घरी नेऊन लाभतो का बघितल्याशिवाय आई घेणार नाही."

"न्या की," काका म्हणाले. "वहिनींचा स्वभाव मला ठाऊक आहे."

हिरा सगळ्यांना लाभत नाही, हे आमच्याकडं कुणालाही विचारा. एखाद्याला तो राजा करतो आणि एखाद्याचं घर बुडवतो. म्हणून आधी आणून उशाखाली ठेवायचा आणि रात्री स्वप्न कसं पडतं ते बघायचं. सोनं असो, पोवळं असो, आईचं काही म्हणणं नसायचं. हिऱ्याला मात्र ती भीत होती. मामा आणि मृणाल संध्याकाळच्या गाडीनं बार्शीला गेल्यावर तिनं पुड्या देवापुढं ठेवल्या आणि मला बोलावलं.

"तू घे उशाशी."

"मी का? तुझ्या घरात येणाराय ना? तू घे."

"मला रोजच काहीबाही दिसतं. परवा तर रेडा दिसला. तू कुंभकर्ण, तुला कधी स्वप्नं पडत नाहीत. तुला पडलं तर ते खरंच पडलं म्हणायचं."

आधी मृणालनं पसंत केलेला खडा माझ्याकडं आला. तो मी उशाखाली ठेवलाच नाही. एवढासा तो, गादीत शिरला तर कापूस पिंजून काढावा लागला असता. पावडरच्या डब्यात ठेवला, डबा कपाटात ठेवला आणि घोरत पडले. स्वप्न कसलं अन् काय कसलं.

सकाळी आई चुलीपाशी चहा गाळत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "काय गं?"

मी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवलं होतं. जरा थांबले. तोंड उतरवलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? दिसलं का काही?"

"जाऊ दे ना, आई."

आईनं गाळणी खाली ठेवली. "शैला, सांग."

"देवापुढची समई विझलेली दिसली," मी म्हणाले. "मी लावायला गेले तर काडी पेटेना."

एवढ्यावर थांबले असते तरी काम झालं असतं. पण आईचा चेहरा बघून मला चेव चढला. लहानपणी उदयला भुताची गोष्ट सांगताना चढायचा ना, तसाच.

"आणि?" आई म्हणाली.

"आणि अंधारात आण्णा चालत जाताना दिसले. पाठमोरे. मी हाका मारल्या, तर मागं वळूनच बघेनात."

आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या हातावर खरोखरच काटा उभा राहिला होता. स्वतःच्याच गोष्टीनं. तो काटा आईनं बघितला.

दुसऱ्या दिवशी पसरट खडा घेऊन झोपले, आणि सकाळी म्हणाले, "गाढ झोपले बाई, काहीसुद्धा नाही." झालं. लहान खडा पोतदारकाकांकडं परत गेला, पसरट अंगठीत बसायला गेला. आईनं बार्शीला मामांच्या दुकानात फोन करून सांगितलं, की तो लाभला नाही म्हणून दुसरा करतोय, स्वप्न वाईट पडलं. मामांनी मृणालला बोलावलं. तिनं माझ्याशी बोलायचं म्हणून फोन मला द्यायला लावला.

"ताई," ती म्हणाली, "जिंकलात!" आणि खळखळून हसली.

"अगं, खरंच पडलं स्वप्न!"

"हो हो. पडलं असणार. तुमचं स्वप्नही हिशेबी दिसतंय, बरोबर माझाच खडा धरला त्यानं." आणि परत हसली. तिला कळलं होतं, आणि तिला त्याचा राग नव्हता. फोन ठेवताना मला जरा कसंनुसं झालं. पण जराच.

मग आण्णांच्या छातीत दुखलं.

आठवड्याभरानंतरची गोष्ट. साखरपुडा दहा दिवसांवर आलेला. दुपारी जेवून आण्णा आडवे झाले आणि थोड्या वेळात घामानं भिजून उठून बसले. हात छातीवर. उदयनं रिक्षा आणली, आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "जेवणात काय होतं?"

"भजी," आण्णा म्हणाले. "मिरचीची."

"पित्त आहे. हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे तुमचं. भजी बंद करा."

आम्ही हसत बाहेर आलो. आई हसली नव्हती. घरी येऊन ती देवापुढं बसली ती उठेचना. मी शेजारी जाऊन बसले.

"आई, पित्त आहे गं. डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"पाठमोरे जात होते म्हणालीस ना तू?"



"अगं, तो खडा तर आपण परत केला. आता दुसराच बसवलाय ना अंगठीत?"

"तेच तर," आई म्हणाली. "मला वाटलं खड्याचा दोष. पण तो खडा पोतदारांकडं सहा महिने पडून होता, त्यांना साधी शिंक आली नाही. आणि तो परत करूनही यांना दुखलंच. मग दोष कुणाचा? त्या पोरीनं हात लावला त्याला. तिनं निवडला." तिनं आवाज खाली आणला. "ती पोटात असताना तिचे वडील गेले. मी उदयकडं बघून गप्प बसले होते. म्हटलं, आपण शिकलेली माणसं. पण देवानं तुझ्या तोंडून सांगितलं, शैला. पांढऱ्या पायाची आहे ती."

मी तिथल्या तिथं सांगून टाकलं. सगळं. पावडरचा डबा, कपाट, जाऊबाई, भिंग. एकही स्वप्न पडलं नव्हतं म्हणून सांगितलं. रडले. देवापुढं बसून खोटं कसं बोलेन म्हणाले.

आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "उदयनं सांगितलं ना तुला असं म्हणायला?"

"नाही गं आई!"

"तुझ्या हातावर काटा आलेला मी या डोळ्यांनी बघितलाय. खोटं बोलताना माणसाला काटा येत नाही. तू मऊ आहेस. पोरीची दया येते तुला. मलाही येते. पण माझं कुंकू आहे हे."

एक खोटं बोलले ते घोटभर चहात पटलं, आणि खरं बोलले ते देवापुढं रडूनही पटेना. आण्णा बिचारे हसले. "भजी खाल्ली मी, आणि बट्टा त्या लेकराला?" म्हणाले. पण आईनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही तेव्हा तेही निमूट झाले. मध्यस्थामार्फत बार्शीला निरोप गेला: हिरा लाभला नाही, मुलाच्या वडलांना त्रास झाला, आम्ही जरा थांबतो. थांबतो म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं. बार्शीहून काहीच उत्तर आलं नाही.

मी उदयला गच्चीवर गाठलं.

"मी खोटं बोलले होते, उदय. तू तरी विश्वास ठेव."

"ठेवतो की. मला पहिल्या दिवसापासून माहिती आहे."

"मग आईला सांग. म्हण, मी हिच्याशीच लग्न करणार."

तो वाळत घातलेल्या चादरीचं टोक उगाच सरळ करत राहिला. "आणि आण्णांना परत काही झालं तर? पित्तच झालं, तरी आई काय म्हणेल? आयुष्यभर मृणालला ते ऐकावं लागेल. ती एवढं सोसायला तयार असेल तर मी बोलतो आईशी. शपथ. पण तिचं ठाम असेल तर. तिचं मलाच कळेना झालंय. फोनवर येत नाही ती."

म्हणजे सगळं येऊन मृणालवर ठेपलं होतं. ती उभी राहिली तर हाही उभा राहिला असता. त्याला कुणीतरी पाठीशी लागायचं.

शनिवारी आमचे हे मला न्यायला आले. दिनकरराव म्हणजे बोलायला कमी आणि जीप हाणायला पुढं. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, सुपारी कातरली, तोंडात टाकली.

"मग इथं बसून डोळे कशाला पुसतीस? ज्या पोरीचं वाटोळं केलंस तिला जाऊन सांग की."

"बार्शीला?"

"मग काय विलायतेला? उद्या पहाटे निघू."

रविवारी दुपारच्या आत आम्ही बार्शीत पोचलो. मामांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मृणाल आणि तिची आई राहायच्या. दिनकरराव म्हणाले, "तुमचं बायकांचं होऊ दे, मी गाडीत पाणी घालून येतो," आणि बाहेरच थांबले. मृणालच्या आईनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक शब्दही न विचारता आत जाऊन कांदा चिरायला घेतला. बाईच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मृणाल समोर बसली. पंधरा दिवसांपूर्वी दुकानाच्या दारात हाताचा आडोसा करून हिरे बघणारी हीच का, असं वाटावं इतकी मिटलेली. मोकळं बोलणारी पोरगी माझ्यासमोर सतरंजीचे दोरे ओढत होती.

"आण्णा कसे आहेत?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"ठणठणीत आहेत. भज्यांसाठी भांडतायत."

"नक्की ना?"

"मृणाल, ऐक," मी म्हणाले आणि तिचा हात धरला. सगळं सांगितलं. आईला सांगितलं तसंच, पण रडले नाही. रडून सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही, एवढं शिकले होते. ती ऐकत राहिली. जाऊबाईच्या भिंगापाशी तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

"मला तेव्हा वाटलंच होतं," ती म्हणाली. "मी फोनवर म्हणाले ना, जिंकलात म्हणून."

"मग? मग आता का अशी बसलीयेस?"

"मग आण्णांना दुखलं ना." ती दोरा बोटाला गुंडाळत होती. "ताई, लहानपणापासून ऐकतेय मी. कुणी तोंडावर बोलत नाही. पण कुणाच्या घरी बारसं असलं की आम्हाला नंतर बोलावतात. मी हसून नेते सगळं. मी शाळेत पोरांना शिकवते, ताई, की असलं काही नसतं. पण परवा निरोप आला तेव्हा मला वाटलं, एवढ्या सगळ्यांना वाटतं, तर कदाचित असेलही."

"नसतं गं! मी होते ना तिथं. तो खडा माझ्या उशाखालीसुद्धा नव्हता. पावडरच्या डब्यात होता."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ. माझ्या मुलांची शपथ. एकही स्वप्न पडलं नाही."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. तिनं तो पसरट खडा तिरका करून बघितला होता, तसंच. आणि मग मी डोळ्यांनी बघितलं, तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. तिनं एक मोठा श्वास सोडला आणि हसली. "काय बाई आहात तुम्ही, ताई! एका खड्यासाठी माझ्या सासऱ्यांना अंधारात चालायला लावलंत?"

"चालायला लावलं खरं. चूक झाली. मार मला हवं तर."

"उदयना माहितीये?"

"त्याला सगळं माहितीये. तू ठाम राहिलीस तर तो आईशी बोलणार आहे. शपथ घेतलीये त्यानं. तू फक्त एक फोन कर."

"उद्या शाळा सुटली की करते," ती म्हणाली. "मामांनाही सांगते, की आमच्याकडून माघार नाही." आणि आत ओरडली, "आई, चहा टाक गं! साखर जास्त!"

मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की विचारू नका. तिच्या आईनं चहा आणला, पोहे आणले. तिच्याही चेहऱ्यावर रंग आला होता. आतून सगळं ऐकलं असणार. आम्ही तिघी बोललो, हसलो. मृणालनं तिच्या वर्गातल्या एका बोबड्या पोराची नक्कल केली. मी म्हणाले, साखरपुड्यात जाऊबाईंना तुझ्या शेजारीच बसवते, बघू कोण कुणाला भिंग देतंय.

बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. घाटातून दिवसाउजेडी उतरायचं तर निघायला हवं होतं. मी उठले.

"थांबा ताई, सवाष्ण अशी कशी जाईल?" मृणालची आई म्हणाली. ती स्वतः विधवा, ती पुढं झाली नाही. "मृणाल, कुंकू लाव ताईंना."

मृणालनं कोनाड्यातून करंडा आणला. झाकण उघडलं. अजून ती हसतच होती, त्या बोबड्या पोराचं काहीतरी सांगत होती. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळाकडं आणलं.

बाहेर दिनकररावांनी हॉर्न वाजवला.

आणि माझं डोकं मागं गेलं.

मी नेलं नाही. गेलं. बोटभर, त्याहूनही कमी. ज्या बाईनं ते स्वप्न स्वतःच्या तोंडानं रचलं होतं, त्याच बाईचं डोकं. मनात एवढंच आलं, की ते जीपमध्ये बसलेत, रस्ता लांबचा आहे, पुढं घाट आहे. बास. लगेच मी मान पुढं केली, "लाव ना गं," म्हणाले. घाईघाईनं, मोठ्यांदा. पण उशीर झाला होता.

मृणालचं बोट हवेत तसंच होतं. ती बोलायची थांबली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग आपल्या बोटावरच्या कुंकवाकडं. मग करंड्याच्या कडेला ते बोट पुसलं, अगदी सावकाश, कण न सांडता.

"अगं, लाव ना," तिची आई म्हणाली. तिनं काही बघितलं नव्हतं.

"नको आई. त्यांना लांब जायचंय." मृणाल मागच्या दाराशी गेली. "काकू! जरा येता का? पाहुण्यांना कुंकू लावायचंय."

शेजारची बाई ओले हात पदराला पुसत आली. मला म्हणता आलं असतं, की नको, मृणालच लावेल. तिचा हात धरून माझ्या कपाळाला टेकवता आला असता. मी काय केलं? मी कपाळ पुढं करून उभी राहिले. त्या अनोळखी बाईचं ओलं बोट कपाळाला लागलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मी म्हणाले, "मग उद्या फोन करतेस ना?"

मृणाल माझ्याबरोबर दारापर्यंत आली. मी पायरी उतरले तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, नुसता ठेवल्यासारखा केला.

"ताई," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकी माया होती की मी अजून विसरले नाही. "मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायला एवढ्या लांब आलात तुम्ही. कोण येतं हो कुणासाठी?"